घोडा, द्राक्षमळा आणि बेताचा घोट

परदेशी गेलेल्या मुलांकडून, नातवंडांकडून एका आगळ्या सहलीचे वर्णन आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. शहराबाहेर पडायचे, सकाळ शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांच्या सहवासात घालवायची आणि दुपारी द्राक्षमळ्यात किंवा बियर तयार करणाऱ्या एखाद्या छोट्या भट्टीत बसून चार-पाच प्रकारांची चव घ्यायची. सुट्टीवर आलेली मुले मग उत्साहाने म्हणतात, ‘या वेळी आई-बाबांनाही असेच कोठे तरी नेऊ या.’ येथेच घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘या वयात हे कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘एका घोटाने काय होते?’ ज्यांच्यासाठी हा वाद चाललेला असतो, त्या आई-बाबांना मात्र कोणी विचारतच नाही.

ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. घराबाहेर पडणे, मोकळी हवा घेणे, नवे काही पाहणे याची गरज सत्तरी-पंचाहत्तरीनंतर कमी होत नाही, उलट वाढते. त्याच वेळी पेल्यातील पदार्थ आणि रोजच्या गोळ्या यांचे नाते तारुण्यात होते तसे राहत नाही. म्हणून सहलीला अवश्य जावे, पण अंतर किती, घोड्याच्या किती जवळ आणि घोट घ्यायचा की नाही, हे तिन्ही निर्णय घरीच, शांतपणे आणि ज्येष्ठांच्या संमतीने घ्यावेत. टेबलावर पेले मांडले गेल्यावर विचार करण्याची ती वेळ नसते.

विश्रामबागेतून कोठे जावे?

सांगलीकरांच्या दृष्टीने या सहलीचा द्राक्षांचा भाग अगदी दाराशी आहे. विश्रामबागेतून निघाले की तासगाव, पलूसचा द्राक्षपट्टा तासाभराच्या आत लागतो. 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेसाठी धोरण आखले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि आपल्या जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. मात्र प्रत्येक वायनरी पाहुण्यांसाठी खुली असतेच असे नाही. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून विचारणा करावी. बसण्याची सोय, जवळचे स्वच्छतागृह आणि पायऱ्यांची संख्या या तीन गोष्टी त्याच वेळी विचारून घ्याव्यात.

वाईन नको असेल तरी या सहलीत काही उणे राहत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मळ्यात घड उतरवण्याची लगबग असते आणि बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांच्या मजल्यांवर द्राक्षे सुकत असतात. साधारण 4 किलो द्राक्षांपासून 1 किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जन्मभर बेदाणा खाल्लेल्या अनेकांनी तो होताना पाहिलेला नसतो. परतीच्या वाटेवर तासगावच्या गणपतीचे सात मजली गोपूर आहेच.

घोड्यांचा भाग मात्र वेगळा आहे. शर्यतीच्या घोड्यांचे जग मुख्यतः मुंबई आणि पुण्यात वसलेले आहे. महालक्ष्मीचे रेसकोर्स 1883 पासूनचे. पुण्यात शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात असतो. निवृत्त घोडे पाहायचे तर त्याच बाजूला जावे लागते. महालक्ष्मीवरील अमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या ठिकाणी शर्यत सोडलेले घोडे नवशिक्यांना रपेट शिकवण्याच्या कामी येतात. म्हणून सल्ला असा की, दोन्ही भाग एकाच दिवसात कोंबू नयेत. सांगली-पुणे-सांगली असा प्रवास एका दिवसात करून वर मळाही पाहणे हे तरुणांनाही शिणवणारे आहे. द्राक्षमळा विश्रामबागेतून करावा, आणि मुलांकडे पुण्या-मुंबईला मुक्कामाला जाल तेव्हा एक सकाळ घोड्यांसाठी राखून ठेवावी.

केवळ घोड्याच्या दर्शनाचीच ओढ असेल, तर त्यासाठी पुण्यालाही जायला नको. आषाढी वारीपूर्वी अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व मिरज-सांगलीच्या वाटेने आळंदीकडे पायी जातात. माउलींच्या पालखी सोहळ्यातील हे मानाचे अश्व पाहायला रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलेली किती तरी ज्येष्ठ मंडळी आपण पाहिली असतील. तीही एक सहलच आहे.

निवृत्तीनंतरचा घोडा

निवृत्त घोडा पाहण्यात ज्येष्ठांना विशेष रस वाटतो, याचे कारण उघड आहे. शर्यतीचा थरोब्रेड घोडा दोन-तीन वर्षांचा असताना धावू लागतो आणि बहुधा दहा वर्षांचा होण्याआधीच त्याची कारकीर्द संपते. आयुष्य मात्र पंचवीस-तीस वर्षांचे असू शकते. म्हणजे निवृत्तीनंतरचा काळ कामाच्या काळाहून कितीतरी मोठा.

जाणकार अशा घोड्याला एकाएकी मोकळे सोडून देत नाहीत. त्याचा दाण्याचा खुराक हळूहळू कमी करतात आणि चारा वाढवतात, कारण आहारात अचानक बदल झाला तर पोटशूळ उठण्याचा धोका असतो. व्यायाम पूर्ण थांबवत नाहीत. वेगाऐवजी संथ चाल शिकवतात. एकट्याला ठेवत नाहीत, कारण घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. खुरांची निगा सहा ते आठ आठवड्यांनी घ्यावी लागते आणि दातांची तपासणीही नियमित करावी लागते. हे वाचताना आपल्याला काही ओळखीचे वाटेल. आहार बेताचा, चालणे रोजचे, सोबत हवी, पाय आणि दात सांभाळायचे: निवृत्त माणसाच्या दिनचर्येतही याहून वेगळे काय असते?

या घोड्यांचे आपल्या आरोग्यावर एक जुने ऋणही आहे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात आणि त्यांच्या रक्तद्रवापासून धनुर्वातावरील सीरम तयार होत असे. घोडे आपले, मग सीरम आपणच का तयार करू नये, या विचारातून डॉ. सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर दिले जाणारे प्रतिविष आजही घोड्यांच्या रक्तद्रवापासूनच बनते. उसाच्या फडात, द्राक्षबागेत राबणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील कितीतरी माणसांचे प्राण या औषधाने वाचवले आहेत.

घोड्याच्या सहवासाचा स्मृतिभ्रंश झालेल्यांना उपयोग होतो का, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 16 रुग्णांचा समावेश होता. घोड्याला खरारा करणे, चारा घालणे, त्याला हाताने धरून चालवणे अशी साधी कामे त्यांच्यापैकी काहींनी केली. त्या दिवशी त्यांच्या वागण्यातील अस्वस्थता कमी आढळली. अभ्यास लहान होता. त्यामुळे यास उपचार म्हणू नये, पण आनंदाचा एक मार्ग म्हणून त्याकडे जरूर पाहावे.

घोड्याजवळ जाताना

शर्यतीचा घोडा साडेचारशे-पाचशे किलो वजनाचा आणि स्वभावाने चटकन बिचकणारा असतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने अगदी मागचे आणि कपाळासमोरचे त्याला दिसत नाही. म्हणून मागून कधीही जाऊ नये. त्याला दिसेल अशा बेताने, हलक्या आवाजात बोलत, खांद्याच्या बाजूने जावे आणि राखणदार शेजारी असेल तरच जावे. गाजर द्यायचे तर तळहात सपाट ठेवावा. कान मागे चिकटवले असतील तर घोडा नाराज आहे असे समजून दूर व्हावे. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्यांनी कठड्याच्या बाहेरूनच भेट घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

तबेल्याच्या मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. प्रौढांनी दर 10 वर्षांनी धनुर्वाताची वर्धक मात्रा घ्यायची असते, हे अनेकांच्या विस्मरणात गेलेले असते. सहलीच्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून ती घ्यावी. दमा किंवा श्वसनाचा जुना विकार असणाऱ्यांनी गवताच्या गंजीपासून लांब राहावे आणि इनहेलर खिशात ठेवावा. पायांत पुढून बंद, न घसरणारे बूट असावेत. घोड्यांना भेटून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

पेल्यातील हिशेब

आता सर्वांत नाजूक विषय. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे की, आरोग्याला पूर्ण सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. ‘रेड वाईन हृदयाला चांगली’ हे वाक्य ऐकून जन्मात कधी न घेतलेल्यांनी सत्तरीत सुरुवात करण्याचे काहीही कारण नाही.

वयानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते आणि चरबीचे वाढते. त्यामुळे चाळिशीत जेवढे सहज पचत होते, तेवढ्याच प्रमाणाने आता रक्तातील मद्यार्काची पातळी अधिक वाढते. 100 मिलिलिटर वाईनमध्ये आणि सुमारे 250 मिलिलिटर बियरमध्ये साधारण 10 ग्रॅम मद्यार्क असतो. चवीसाठी 30 मिलिलिटरचे पाच पेले घेतले, तर ‘नुसती चव’ म्हणता म्हणता 15 ग्रॅम मद्यार्क पोटात जातो.

त्याहून मोठा प्रश्न औषधांचा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या चालू असतील, तर मद्यामुळे रक्तातील साखर धोकादायक इतकी उतरू शकते, आणि तीही काही तासांनी, रात्री झोपेत. घाम, थरथर, अडखळते बोलणे ही तिची लक्षणे ‘थोडी जास्त झाली’ म्हणून दुर्लक्षिली जातात, हा खरा धोका आहे. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांबरोबर मद्य घेतल्यास गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो. रक्तदाबाच्या किंवा छातीतील कळेवरच्या काही औषधांबरोबर घेतल्यास उठून उभे राहताना चक्कर येते, आणि या वयात एक पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे ठरू शकते. रक्त पातळ करणारी आणि वेदनाशामक औषधे घेणाऱ्यांना रक्तस्रावाची भीती असते. मेट्रोनिडाझोल चालू असताना मद्य वर्ज्य मानावे. संधिवातापैकी गाऊट असणाऱ्यांना बियर विशेष बाधते. यकृताचा विकार असेल, तोल जात असेल किंवा स्मृतिभ्रंश असेल, तर या वाटेला जाऊच नये.

काही जण यावर एक घातक युक्ती करतात: घोट घ्यायचा म्हणून त्या दिवशीची गोळी टाळतात. असे कदापि करू नये. गोळी आणि पेला यांतून एकाची निवड करायची झाली, तर ती नेहमी गोळीचीच असावी.

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर जेवणानंतर, बसून, सोबत पाणी घेत चव घ्यावी. रंग पाहणे, वास घेणे, घोट तोंडात घोळवणे आणि नंतर पिकदाणीसारख्या ठेवलेल्या भांड्यात थुंकणे ही चवीची मान्य रीत आहे. व्यावसायिक चाखणारेही तेच करतात. त्यामुळे थुंकण्यात किंवा नको म्हणण्यात संकोच नसावा. ताजा द्राक्षरस हा उत्तम पर्याय आहे, पण मधुमेहींनी तोही अर्धाच पेला घ्यावा. बेदाण्याबाबतही तोच नियम, कारण 30 ग्रॅम बेदाण्यात सुमारे 20 ग्रॅम साखर असते.

काळजी घेणाऱ्यांसाठी

ज्या घराने दारूपायी दुःख भोगले आहे, त्या घरातील आईला किंवा आजीला वाईनचे टेबल हसण्याचा विषय वाटणार नाही. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसासाठी तर पहिला घोट हाच धोका असतो. अशा वेळी वायनरी वगळून फक्त मळा आणि बेदाण्याची शेड पाहावी. ‘तेवढ्याने काय होते’ हे वाक्य त्या दिवशी कोणीही उच्चारू नये.

याउलट, बाबा आजवर अधूनमधून घेत आले असतील तर सर्वांसमोर त्यांना दटावू नये. डॉक्टरांना खरे प्रमाण सांगण्यास त्यांना आदल्या आठवड्यातच प्रवृत्त करावे. लपवलेले प्रमाण डॉक्टरांच्या हिशेबात येत नाही. औषध मात्र त्याच हिशेबाने दिलेले असते. आणि वाहन चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये.

निघण्यापूर्वी

• डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी दाखवून ‘घोट चालेल का’ असे थेट विचारावे.
• सकाळी लवकर निघून ऊन चढण्याआधी मळा पाहावा. दुपारचे जेवण आणि गोळ्या ठरलेल्या वेळी घ्याव्यात.
• पाणी, टोपी, काठी, साखरेच्या पुड्या, औषधांची यादी आणि नातलगाचा दूरध्वनी क्रमांक जवळ असावा.
• दर तासाला बसण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय पाहावी.
• मद्य घेतले असल्यास त्या रात्री ज्येष्ठांना एकटे झोपू देऊ नये. मधुमेहींची साखर झोपण्यापूर्वी तपासावी.
• थकवा दिसताच परत फिरावे. राहिलेला मळा पुढच्या हंगामातही तेथेच असतो.