माणसे का जातात?

चांगली माणसे मिळत नाहीत, आणि मिळाली तर टिकत नाहीत, ही तक्रार आमच्या शिराळ्याच्या पेठेत वारंवार कानी येते. पगार वाढविला तरी माणूस पुण्याची वाट धरतोच, असे दुकानदार म्हणतात. पगार अपुरा असेल तर माणूस जाणारच. त्याविषयी वाद नाही. परंतु पगार पुरेसा असूनही तो का जातो, याचे उत्तर शोधावयास आम्हांस जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांचा हक्क डावलून बढतीची जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, तेव्हा त्यांनी राजीनामा देऊन बेळगाव गाठले. नोकर असताना सोसलेला हा अन्याय मालक झाल्यावर ते विसरले नसावेत. १९१० साली औंधच्या अधिपतींनी कुंडलजवळ दिलेल्या माळावर त्यांनी कारखाना आणला. माळ कसला, निवडुंगाचे रानच ते! अशा ठिकाणी शहाणा माणूस केवळ पगारासाठी बिऱ्हाड घेऊन येईल काय? तेथे कारखान्याबरोबरच वसाहत उभी राहिली. तिची व्यवस्था लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा यांनी पाहिली. अनंतराव फळणीकरांचे शिक्षण अर्ध्यावर सुटलेले. आम्हां मास्तरांच्या हजेरीपटात असे नाव तांबड्या शाईने खोडले जाते. किर्लोस्करवाडीत मात्र ते कल्पक यंत्रज्ञ ठरले. याहून नवल म्हणजे, तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांकडे रात्रीचा पहारा सोपविण्यात आला, आणि त्यांनी तो इमानाने केला.

'नोकर' हा शब्द फारसी. संस्कृतातील शब्द 'भृत्य', म्हणजे ज्याचे भरणपोषण करावयाचे तो. त्याच धातूपासून 'भर्ता' झाला. त्या अर्थाने मालकही भर्ताच. पण भरण केवळ अन्नाचे नसते, हे आम्ही वर्गात शिकवीत असू. शिकविणे सोपे!

आम्ही एका शाळेत असता तेथे गणिताचे एक तरुण शिक्षक होते. वरच्या वर्गाचे गणित त्यांचेच, असे सारे धरून चालले होते. ते चालकांच्या एका नातलगास देण्यात आले. त्या शिक्षकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही ज्येष्ठ होतो, आमचा शब्द कदाचित ऐकलाही गेला असता. पण आम्ही हजेरीपटात डोके घालून बसलो. पुढील जूनमध्ये ते गेले. चालक म्हणाले, "हल्लीची मुले पैशाच्या मागे." त्यावरही आम्ही काही बोललो नाही.