सिंकला चुंबक चिकटत नाही, म्हणून काय?

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी स्वयंपाकाचा ओटा नव्याने करून घेतला. जुनी मोरी गेली आणि तिच्या जागी स्टेनलेस स्टीलचे सिंक बसवायचे ठरले. दुकानदाराने एक चकचकीत सिंक पुढे केले, गल्ल्यातून एक छोटा चुंबक काढला आणि सिंकच्या तळाला टेकवला. चुंबक घसरून पडला. "बघा साहेब, चिकटत नाही. म्हणजे अस्सल तीनशेचार!" आम्ही विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली, तरी मान डोलावली आणि पैसे मोजले. सहा महिन्यांत जाळीभोवती तपकिरी ठिपके दिसू लागले. घासून काढावेत, तर चार दिवसांनी पुन्हा हजर. सिंक ग्रॅनाइटमध्ये पक्के बसवलेले. बदलायचे तर दगडच फोडावा लागणार.

दुकानदाराची चाचणी चुकीची होती का? चाचणी खोटी नव्हती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. तो कसा, ते पाहू.

पोलाद 'स्टेनलेस' कशामुळे होते?

साध्या लोखंडावर दमट हवेत गंज चढतो. हा गंज सच्छिद्र असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, खालचे लोखंड उघडे पडते आणि क्षरण पुढे चालू राहते. लोखंडात सुमारे साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम मिसळले, की चित्र पालटते. पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अखंड थर तयार होतो. त्याची जाडी जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन-तीन दशलक्षांश भाग. तरीही तो आतल्या धातूपर्यंत ऑक्सिजन आणि पाणी पोहोचू देत नाही. चरा पडला, तर हवेतल्या ऑक्सिजनने तो थर आपोआप पुन्हा तयार होतो. मुलामा एकदा उडाला की उडाला. हा थर मात्र स्वतःची दुरुस्ती स्वतः करतो.

इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली हे १९१३ साली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याच्या खटपटीत होते. त्या प्रयत्नांत त्यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद बनवले आणि ते सहज गंजत नाही असे त्यांना आढळले. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यातील संशोधकांनी क्रोमियमबरोबर निकेलही मिसळलेले पोलाद तयार केले. आजचे '३०४' हे त्याच कुळातले. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवू या : गंजापासून मुख्य संरक्षण देते ते क्रोमियम.

मग चुंबकाचा संबंध कशाशी?

चुंबक आपल्याला क्रोमियमविषयी काहीच सांगत नाही. तो सांगतो अणूंच्या मांडणीविषयी. नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मध्यभागी अशा रीतीने रचलेले असतात. या रचनेतील लोखंड चुंबकाकडे ओढले जाते. पुरेसे निकेल मिसळले, की अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर बसतात. या दुसऱ्या रचनेतील पोलादाला चुंबक चिकटत नाही. विद्यार्थ्यांना येथे एक कोडे घालता येईल : लोखंड चुंबकाला चिकटते, निकेलही चिकटते, मग दोन्ही असलेले ३०४ का चिकटत नाही? कारण चुंबकत्व केवळ अणू कोणते आहेत यावर ठरत नाही. ते कसे मांडले आहेत यावरही ठरते.

आता खरी मेख. निकेल महाग आहे. तीच दुसरी रचना मँगेनीज आणि नायट्रोजन वापरूनही मिळवता येते. अशा पोलादांना '२०० मालिका' म्हणतात. क्रोमियम मात्र अणूंना पहिल्या, चुंबकीय रचनेकडे ओढते. तेव्हा निकेल फार कमी केले, की दुसरी रचना टिकवण्यासाठी क्रोमियमही कमी करावे लागते. भारतात भांड्यांसाठी आणि स्वस्त सिंकसाठी वापरल्या जाणाऱ्या काही प्रकारांत निकेल सुमारे एक टक्का आणि क्रोमियम १५ टक्क्यांच्या आसपास असते. या पोलादालाही चुंबक चिकटत नाही. पण त्याची गंजाशी झुंजण्याची ताकद ३०४ पेक्षा कमी असते.

उलट बाजूही पाहा. '४३०' या प्रकारात निकेल जवळजवळ नसते, पण क्रोमियम १६ ते १८ टक्के असते. त्याला चुंबक घट्ट चिकटतो. तरी ते स्टेनलेसच. शिवाय अस्सल ३०४ चा पत्रा साच्यात दाबून सिंक बनवताना कोपऱ्यांत खूप ताणला जातो. तेथे थोड्या अणूंची मांडणी बदलते आणि कोपऱ्याला चुंबक किंचित ओढ खातो. म्हणजे दुकानातल्या या परीक्षेत कच्चा विद्यार्थी पास होऊ शकतो आणि चांगला नापास!

भूमितीच्या भाषेत सांगायचे, तर 'पत्रा ३०४ चा असेल तर सपाट तळाला चुंबक चिकटणार नाही' हे विधान खरे आहे. त्याचा व्यत्यास खरा नाही. आम्ही पैसे मोजले ते व्यत्यासावर विसंबून.

ठिपके जाळीभोवतीच का?

क्रोमियमच्या थराचा मोठा शत्रू म्हणजे क्लोराइड, आणि स्वयंपाकघरात ते मिठातून सतत येते. सिंकमध्ये खारट पाणी साचून सुकले, की क्लोराइड एखाद्या बिंदूपाशी थर भेदते. जाळीच्या फटीत ऑक्सिजन कमी पोहोचतो, त्यामुळे थराची दुरुस्ती होत नाही. बारीक खड्ड्यात आम्लता वाढत जाते आणि खड्डा खोल होतो. ब्लीचिंग पावडर किंवा संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल सिंकमध्ये ओतणे म्हणजे या शत्रूला घरात बोलावणेच. ही दोन एकत्र तर कधीच करू नयेत. त्यातून विषारी क्लोरिन वायू बाहेर पडतो. लोखंडी तारेच्या घासणीचे कण किंवा रात्रभर ओला राहिलेला तवाही तपकिरी डाग सोडतो. तो गंज मात्र सिंकचा नसतो, पाहुण्याचा असतो!

मग सिंक निवडावे कसे?

पहिले, पोलादाचा प्रकार तोंडी न ऐकता बिलावर लिहून घ्यावा. घरगुती स्टेनलेस स्टील सिंकसाठी भारतीय मानक आय. एस. १३९८३ आहे; त्याविषयी विचारावे. काही व्यापाऱ्यांकडे द्रावणाची बाटली आणि छोटी बॅटरी असते. पत्र्यावर थेंब टाकून वीज सोडली, की मँगेनीज जास्त असल्यास थेंब लाल होतो. चुंबकापेक्षा ही चाचणी अधिक उपयोगाची.

दुसरे, जाडी. ती वजनावरून काढता येते. ६० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि २० सेंमी खोल सिंकचा तळ २७०० चौ. सेंमी आणि चार भिंती मिळून ४२०० चौ. सेंमी, एकूण ६९०० चौ. सेंमी. पत्रा एक मिलिमीटर जाडीचा असेल, तर धातूचे घनफळ ६९० घन सेंमी. पोलादाची घनता दर घन सेंमीला सुमारे ७.९ ग्रॅम धरली, तर वजन साडेपाच किलोच्या आसपास येते. पत्रा ०.८ मिलिमीटरचा असेल, तर ते साडेचार किलोही भरणार नाही. (काठाचे वजन वेगळे.) पातळ पत्रा लवतो आणि भांडी आपटली की फार वाजतो. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड, हेही लक्षात असावे.

तिसरे, कोपरे गोलाकार आणि तळाला जाळीकडे उतार असावा. पाणी साचले नाही, तर क्लोराइडही साचत नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हवेतच मीठ असते, म्हणून तेथे या बाबी अधिक काटेकोरपणे पाहाव्यात.

वर्गात करण्यासाठी

मुलांना घरातील चमचे, डबे, वाट्या आणि सुऱ्या चुंबकाने तपासून तक्ता करायला सांगावे. सुरीला चुंबक बहुधा चिकटेल. धार टिकावी म्हणून तिचे पोलाद वेगळ्या, कठीण रचनेचे असते. मग एक लोखंडी खिळा आणि टाकाऊ झालेली चुंबकीय व अचुंबकीय स्टीलची भांडी घ्यावीत. प्रत्येकावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला टिपकागदाचा तुकडा ठेवावा आणि आठवडाभर तो ओला ठेवून रोज नोंद करावी. शेवटी दोन्ही तक्ते शेजारी मांडून एकच प्रश्न विचारावा : चुंबकाने सांगितले ते आणि मिठाने सांगितले ते, सारखेच आहे का?

आमच्या घरी सिंक अजून तेच आहे. रात्री भांडी झाली, की ते साध्या पाण्याने धुऊन फडक्याने कोरडे करतो. ठिपके आता क्वचितच दिसतात.