विश्लेषण : पुराच्या पाण्यातली घरे आणि आर्किटेक्टची पदवी… सांगली-साताऱ्यातल्या वास्तुकला शिक्षणाने काय शिकवावे?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ च्या पुरात पाण्याने पन्नाशी ओलांडली, ऑगस्ट २०१९ मध्ये तर ते ५७ फुटांच्या वर गेले. पाणी ओसरल्यावर बरीच घरे होती तिथेच, होती तशीच उभी राहिली. घर कुठे आणि कसे बांधावे हे सांगणे ज्यांचा पेशा, ते आर्किटेक्ट घडतात कसे?

आर्किटेक्ट होण्यासाठी काय लागते?

बारावीनंतर प्रवेश परीक्षा, मग पाच वर्षांची बी.आर्क. पदवी. त्यानंतर १९७२ च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केली की ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येते. पुढे एम.आर्क. असते, पण बहुतेक जण पदवीवरच काम सुरू करतात.

सामाजिक जबाबदारी कायद्यात आहे का?

आहे. पर्यावरणाचा दर्जा आणि समाजाचे भावी हित यांना बाधा येईल असे काम आर्किटेक्टने करू नये, असे १९८९ ची व्यावसायिक आचारसंहिता सुरुवातीलाच सांगते. तिचा भंग हे गैरवर्तन ठरते.

मेख पुढे आहे. कायद्याने फक्त उपाधी राखीव ठेवली आहे, आराखडे करण्याचे काम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तालुक्याच्या गावी नकाशा अनेकदा इंजिनीअर किंवा ठेकेदाराकडून होतो, खेड्यात गवंडीच सगळे ठरवतो. त्यांना ही आचारसंहिता लागू नाही.

पूररेषा वर्गात कशी शिकवता येईल?

या शिक्षणाचा कणा म्हणजे डिझाइन स्टुडिओ. एक जागा घ्यायची, तिथे इमारत कल्पायची, शिक्षकांपुढे तिचा बचाव करायचा. शेवटच्या वर्षाच्या थीसिससाठी विमानतळ, रिसॉर्ट, संग्रहालय हे जुने आवडते विषय. जागाही सोयीची निवडली जाते.

त्याऐवजी सांगलीतला सूर्यवंशी प्लॉट किंवा काकानगर घेतले तर? नदीला पूर आला की पाणी आधी शिरते ते अशाच वस्त्यांत. साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मधे अटींवर परवानगी. हे पाठ करणे सोपे आहे. कठीण प्रश्न निराळे. आधीच राहणाऱ्यांचे काय? जनावरे कुठे चढवायची? धान्य, कागदपत्रे, गॅस सिलिंडर कोणत्या उंचीवर ठेवायचे? शौचालयाची टाकी पाण्याखाली गेली तर? आणि मुरमाचा भराव टाकून एकाने प्लॉट उंच केला, की पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते. एका ग्राहकाची सोय म्हणजे दुसऱ्याचे नुकसान, हे नकाशावर फूटपट्टी ठेवून मोजता येते.

साताऱ्यातले धडे वेगळे का?

तिथे डोंगर आणि भूकंप आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात दगडी घरे कोसळली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी घरांवर आल्या. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशे. एकच छत दोन्हीकडे चालणार नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. थीसिसमधल्या त्या देखण्या रिसॉर्टसाठी किती उतार कापावा लागेल, हे तिथेच विचारायला हवे.

हे बदलणार कोण?

वास्तुकला परिषद किमान निकष ठरवते, अभ्यासक्रमाचा तपशील विद्यापीठाच्या हाती असतो. दोन्ही ठिकाणी बदलाला वेळ लागतो. थीसिसची जागा मात्र विद्यार्थी आणि मार्गदर्शक शिक्षक मिळून निवडतात, तीही याच वर्षी.