लेखांक सहावा : तूर अकोल्याची, हुकूम दिल्लीचा

गेल्या आठवड्यात आपण कापसाबरोबर जिनिंगपर्यंत गेलो. त्याच वावरात पऱ्हाटीच्या काही तासांनंतर तुरीचा एखादा तास असतो. वऱ्हाडात तूर बहुधा अशीच, कापसात नाही तर सोयाबीनमध्ये पेरली जाते. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते, कापसाची वेचणी सुरू होते, आणि जून-जुलैत पेरलेली तूर सोंगायला मात्र डिसेंबर-जानेवारी उजाडतो. फुलोऱ्यात धुई पडली की फुले गळतात, शेंगांत अळी शिरते, कधी उभी झाडे मर रोगाने वाळतात. एवढे सोसून जे पोत्यात उरते ते हर्रासाला जाते. त्याचा भाव कुठे ठरतो, हा आजचा विषय.

अकोल्याचे नाव देशभरच्या धान्य व्यापाऱ्यांना माहीत आहे ते डाळ मिलांमुळे. तुरीचे टरफल दाण्याला डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेले असते. ते सुटावे म्हणून रोलरवर दाण्याला ओरखडे पाडतात, तेलाचा हात देतात, मुरवतात, वाळवतात, मग सोलून दोन दले करतात. अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हाला आपण सगळे शिव्या घालतो. मिलच्या अंगणात तेच ऊन फुकटचे इंधन. 100 किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते, बाकीची चुनी आणि टरफल जनावरांच्या खुराकात जाते. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीसाठी ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ काढली; चांगले काम, पण बाजाराचा कल ठरवण्याइतकी तिची ताकद नाही. तो ठरतो मोठ्या मिलांच्या खरेदीवर. आणि मिलला हवा असतो दाणा. तो दर्यापूरचा आहे, म्यानमारचा ‘लेमन’ आहे की टांझानियाचा ‘अरुषा’, हे भाव आणि उतारा पाहून ठरते. आफ्रिकेची तूर आपल्याकडे साधारण सप्टेंबरपासून उतरू लागते, म्हणजे आपली तूर बाजारात यायच्या तोंडावर. म्यानमारचे पीक तर जवळपास आपल्याबरोबरच निघते. बंदराचे दार उघडे की बंद, यावर मूर्तिजापूरच्या हर्रासातली बोली हलते ती यामुळे.

हे दार दिल्ली कसे हाताळते, याचा सर्वांत बोलका दाखला 2016-17 सालचा आहे. 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांपर्यंत गेली होती. सरकारने साठ्यावर मर्यादा घातली, छापे टाकले, आणि जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी पाच वर्षांचा करार केला: पहिल्या वर्षी 1 लाख टन, पुढे वाढवत 2 लाख टन. त्याच वेळी शेतकऱ्यांना डाळी पेरा म्हणून सांगितले. शेतकऱ्यांनी ऐकले, पाऊसही पावला. महाराष्ट्रात आदल्या दुष्काळी वर्षी पाच लाख टनांच्याही आत असलेले तुरीचे उत्पादन 20 लाख टनांच्या घरात गेले. हमीभाव बोनससह क्विंटलला 5050 रुपये होता. बाजारात तूर त्याच्या कितीतरी खाली आली.

आता तारखा पाहा. नवी तूर जानेवारीत आली. आयातीवर 10 टक्के शुल्क लागले मार्चच्या अखेरीस. खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या होत्या, तरी 22 एप्रिलला खरेदी थांबवली गेली आणि बोंब झाल्यावर राज्याला पुन्हा खरेदीत उतरावे लागले. व्यापाऱ्यांवरची साठा मर्यादा उठली 17 मे रोजी; म्हणजे ऐन रेलचेलीत, कुणीतरी माल घेऊन ठेवायला हवा होता तेव्हा, ठेवणे हाच गुन्हा होता. आयातीवर परिमाणाचे बंधन आले ऑगस्टमध्ये. 2006 पासून असलेली तुरीवरची निर्यातबंदी उठली सप्टेंबरमध्ये. निर्णय एकही चुकीचा नव्हता. पण तोवर बहुतेकांची तूर विकून झाली होती, आणि ज्यांनी केंद्रावर दिली ते चुकाऱ्यांची वाट पाहत होते.

उलट बाजूला हाच कारभार किती चपळ असतो! मे 2021 मध्ये तुरीची आयात मुक्त झाली आणि ती मुदत वर्षामागून वर्ष वाढत गेली. 2 जून 2023 रोजी साठा मर्यादा आली: घाऊक व्यापाऱ्याला 200 टन. सप्टेंबरात ती 50 टनांवर आणली, मिलला महिनाभराच्या उत्पादनाइतकाच किंवा क्षमतेच्या 10 टक्के साठा ठेवायची मुभा. डिसेंबर 2023 मध्ये पिवळा वाटाणा शुल्काविना आत आला. तो तुरीचा सख्खा भाऊ नसला तरी स्वस्त डाळ म्हणून तिची जागा घेतोच. 2024 च्या उन्हाळ्यात अकोल्यात तूर 12 हजारांवर गेली, तेव्हा शेतकऱ्याकडे ती फारशी उरली नव्हती. त्या भावाकडे बघून त्याने पेरले. जानेवारी 2025 मध्ये, नवी तूर बाजारात येत असतानाच, मुक्त आयातीची मुदत मार्च 2026 पर्यंत वाढवल्याचा हुकूम निघाला. भाव 7550 च्या हमीभावाच्या आसपास आणि खालीही घसरले.

आयात बंदच करा, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. देशाला तूर लागते सुमारे 44-45 लाख टन, पिकते 35 लाखांच्या आसपास. मधली तूट आफ्रिका आणि म्यानमारच भरणार, आणि अकोल्यातल्या हमालाच्या घरीही डाळ विकतच आणावी लागते. सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये 11,440 कोटींचे डाळ अभियान सुरू केले, तुरीची सरकारी खरेदी वाढवण्याचे आश्वासन दिले; केंद्रे वेळेवर उघडली आणि ग्रेडरने ओलाव्याच्या नावाखाली पोती परत पाठवली नाहीत, तर त्याचा उपयोग होईल. पण मूळ दुखणे वेळेचे आहे. शेतकरी तुरीचा निर्णय जूनमध्ये एकदाच घेतो आणि सहा-सात महिने तो बदलू शकत नाही. दिल्ली मात्र आपला निर्णय कधीही बदलते. आयातीचे परिमाण, शुल्क आणि साठा मर्यादा यांचे वर्षभराचे नियम मेअखेर जाहीर व्हावेत, आणि बंदरावर उतरणाऱ्या तुरीची किंमत हमीभावाखाली जाणार नाही इतके शुल्क त्यात असावे. अमरावती-अकोल्याच्या खासदारांनी पॅकेजऐवजी या एका तारखेचा आग्रह धरला तरी पुष्कळ झाले.

पुढच्या लेखांकात वरूड-मोर्शीची संत्री आणि बांगलादेशचे आयात शुल्क.