गणित सोडण्याआधी थोडे थांबा



दहावीचा निकाल लागला की घरोघरी पेढे वाटले जातात, आणि त्याच आठवड्यात एक मोठा निर्णय घाईघाईत उरकला जातो : अकरावीला गणित ठेवायचे की सोडायचे? उसाचे बेणे आणायचे झाले तर आपण चार ठिकाणी चौकशी करतो. लावण झाली की खोडव्यापर्यंत तोच ऊस सांभाळायचा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मुलांच्या विषयांचेही तसेच आहे. पण तिथे मात्र “शेजारच्या पोरानं काय घेतलं?” एवढ्यावर फॉर्म भरला जातो.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले. म्हणजे वडगाव, तळेगाव, लोणावळ्याच्या मुलांनाही शाखेची पसंती आधीच ठरवून ठेवावी लागते.

कोणत्या दाराला गणित लागते?

इंजिनिअरिंगला जायचे तर बारावीला गणित हवेच. राज्याच्या सीईटीत गणित गटाचा पेपर २०० गुणांचा. त्यात भौतिकशास्त्र ५०, रसायनशास्त्र ५० आणि एकटे गणित १००! चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. तेव्हा “अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष” हा समज महागात पडतो.

खडकवासल्याच्या एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल व हवाई दलासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागते. लोणावळ्याची आयएनएस शिवाजी १९४५ पासून आपल्या शेजारी आहे. नौदलाच्या यंत्रविभागाचे शिक्षण तिथे दिले जाते. २०२१ पासून एनडीएची परीक्षा मुलींनाही देता येते. म्हणून “पोरीला कशाला हवं गणित?” हे बोलणे आता घराघरांतून बंद झाले पाहिजे.

डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत गणित नाही. बी.एस्सी. कृषीला गणित गट किंवा जीवशास्त्र गट, दोन्ही चालतात. मन पक्के नसेल तर गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतात. अभ्यास वाढतो, पण दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते. मात्र सी.ए.च्या पहिल्या परीक्षेत गणित-संख्याशास्त्राचा पेपर आहेच, हे विसरू नका.

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा हीसुद्धा चांगली वाट आहे. तिथे प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

इतर उपक्रमांचे काय?

अमेरिकेत अनेक कॉलेजे मुलाने शाळेत गणिताचे कोणते अभ्यासक्रम घेतले, खेळ किंवा समाजकार्य काय केले, हेही पाहतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या सीईटी प्रवेशात तसे नाही. तिथे गुणच बोलतात. तरी उपक्रम वाया जात नाहीत. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे वाढीव गुण दहावीत मिळतात. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेतून निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती शासकीय व अनुदानित शाळांतल्या, ३.५ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांसाठी आहे. गुरुजींकडे चौकशी करा.

मुलाला गणित येते की नाही?

दहावीच्या १०० गुणांत बीजगणित ४०, भूमिती ४० आणि २० गुण शाळेकडचे असतात. नुसता आकडा पाहून ठरवू नका; सराव परीक्षेचे पेपर घेऊन शिक्षकांजवळ बसा. चूक आकडेमोडीत आहे की समजण्यात, ते विचारा. आकडेमोड सरावाने सुधारते.

घरीही एक हिशेब घाला. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. उतारा ११.२५ टक्के आला तर टनाला किती? उत्तर ३,८९६ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. पोराने किंवा पोरीने हे न घाबरता मांडले, तर गणित सोडण्याची घाई करू नका.

ज्याला मनापासून दुसरे काही आवडते, त्याने गणित सोडले तर त्यात कमीपणा नाही. पण केवळ भीतीने सोडू नये. बंद केलेले दार बारावीनंतर उघडायला फार कष्ट पडतात. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा, मुलांना जवळ बसवा, आणि मगच फॉर्म भरा.