तक्रारीचा नंबर घेतलात का?

भिवंडीत कापडाची पारख कुणाला शिकवावी लागत नाही. लूमवरून उतरलेलं कापड पसरलं, की तुटलेला धागा दिसतोच. पण मोबाइल कंपन्यांकडे चालणारं सॉफ्टवेअर? फोन जोडणं, पैसे कापणं, मेसेज पोचवणं ही सगळी कामं तेच करतं. त्यातली खोट मात्र डोळ्यांना दिसत नाही. रिचार्ज करूनही बॅलन्स जमा झाला नाही, की मगच कळतं!

मग या मालाची पारख कशी होते? कारखान्यांच्या पाट्यांवर आपण 'आयएसओ ९००१' वाचतो ना, त्यावरच आधारलेला, खास दूरसंचारासाठीचा एक मापदंड आहे, 'टीएल ९०००'. फोन कंपन्या आणि त्यांना यंत्रं, सॉफ्टवेअर पुरवणारे यांनी अमेरिकेत 'क्वेस्ट फोरम' नावाचा गट काढला आणि १९९९ साली हा मापदंड आला. आपल्याकडे पुण्याच्या टेक महिंद्रासारख्या कंपन्या दूरसंचाराच्या सॉफ्टवेअरमधूनच मोठ्या झाल्या. अशा ठिकाणी आपल्या मराठी मुलीही काम करतात.

या मापदंडाची गंमत अशी, की 'आमचा माल उत्तम' एवढं म्हणून भागत नाही. आकडे द्यावे लागतात. तक्रारी किती आल्या? त्यातल्या गंभीर किती? ठरल्या मुदतीत किती सुटल्या? यंत्रणा किती वेळ बंद पडली? आणि दुरुस्ती करताना नवंच काही बिघडलं का? (शिंप्याने बाही नीट करताना गळाच बिघडवावा, तसं!)

हे आकडे फोन कंपनी आणि तिचे पुरवठादार यांच्यातले. आपली तक्रार कंपनीकडे जाते. दोष सॉफ्टवेअरचा निघाला, तर ती पुढे पुरवठादाराकडे जाते. पण त्यासाठी आधी ती नोंदवायला तर हवी! बचत गटाच्या बैठकीत मी नेहमी ऐकते, "जाऊ दे ना ताई, दहा-वीस रुपयांसाठी कोण कटकट करणार?" पापड-मसाल्याच्या ऑर्डरी फोनवर घेणाऱ्या बाईचं दुकानच त्या फोनवर चालतं. तिचं नुकसान कुठल्याच आकड्यात येत नाही, कारण तिने ते कुणाला सांगितलेलंच नसतं.

आपल्या देशात कंपन्यांवर 'ट्राय' लक्ष ठेवते. तिच्या २००९ च्या नियमांत बिलाच्या तक्रारी हजारात एकापेक्षा जास्त नसाव्यात, असं बंधन घातलं होतं. सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. तक्रार कशी सोडवायची, याचे नियम २०१२ चे आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, १९८ ला फोन करा. तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि तारखेसकट वहीत लिहा. तक्रार सुटली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. त्याला फी लागत नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो.

खराब कापड आपण मुकाट्याने घेत नाही. मग खराब सेवा तरी का घ्यायची?