लिंबोळ्यांची शाळा

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेला लागूनच अंगणवाडी आहे. पुढं मुरमाचं मैदान, मैदानात जुना लिंब. जूनअखेरीस तिथं गेले तेव्हा लिंबोळ्यांचा सडा पडला होता. अंगणवाडीच्या ताईंनी मुलांना एवढंच सांगितलं, "पिवळ्या इकडं, हिरव्या तिकडं."

तीन-साडेतीन वर्षांचा एक मुलगा अख्ख्या मुठीनं लिंबोळी धरायला जाई. ती फुटे, गर बोटांना चिकटे. शेजारची पाच वर्षांची पोर अंगठा-तर्जनीच्या चिमटीत तीच अलगद उचली. पुढं पेन्सिल पेलायची तयारी याच चिमटीतून होते. थोड्या वेळानं जास्त कुणाच्या, यावरून भांडण जुंपलं आणि ते मिटवायला मुलं स्वतःच एक-एक लिंबोळी जोडीनं मांडू लागली. अंक येण्याआधीचं हे गणित. ताई मध्ये पडल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटलं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि 1957 पासून कोसबाडला हेच केलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, पानं, शिंपले वापरले. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर अनुताईंनी कुरणशाळा चालवली.

या अंगणवाडीपुढचा मुरूम संपतो तिथं काळी माती लागते. पावसानंतर ती तळव्यांना चिकटते, पाय जड होतो, आणि मूल दर पावलाला तोल नव्यानं सावरतं. चौथ्या वर्षाच्या आसपास लंगडी जमू लागते; तिला असाच सराव लागतो. डोळ्यांनाही उजेड हवा. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टी जडली, इतर शाळांत 39.5 टक्के. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून शाळेच्या अंगणात सरसकट पेव्हर ब्लॉक बसवलेले दिसले की मला वाईट वाटतं. हिंगोलीच्या एप्रिलात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, त्यांवर अनवाणी उभं राहवत नाही. फाटकापासून दारापर्यंत वाट बांधा, चिखलात तिची गरज आहे. लिंबाखाली मात्र मुरूमच राहू द्यावा. शेजारी ब्रासभर वाळू टाकावी. रात्री तिच्यावर ताडपत्री झाकावी, नाहीतर मांजरं घाण करतात. आणि खिचडीआधी हात धुता येतील असा, मुलांच्या उंचीचा नळ हवा.